धावपट्टी तीन किलोमीटरची, तरी नाशिकचं विमानतळ ‘कामाचं’ व्हायला काय लागेल?

इंदिरानगरहून ओझर विमानतळ पंचवीस किलोमीटरच्या आसपास. तरीही बंगळूरला मीटिंग असली की अनेकांची गाडी आधी मुंबईकडे वळते. सिंहस्थाच्या निमित्ताने विमानतळाच्या विस्ताराची चर्चा जोरात असताना, नाशिकच्या विमानसेवेचं गणित नेमकं कुठे अडतं ते समजून घेऊ.

थोडक्यात

• ओझरची धावपट्टी पुणे आणि शिर्डीपेक्षा लांब आहे. अडचण लांबीची नाही.
• विमानतळ ‘एचएएल’चं आहे. लढाऊ विमानांच्या कामातून उरलेल्या वेळात प्रवासी विमानं बसवावी लागतात.
• २०१७ पासून अनेक कंपन्या आल्या. त्यातल्या तीन स्वतःच बंद पडल्या.
• कामासाठी प्रवास करणाऱ्याला सकाळी लवकर जाणारं आणि रात्री परत आणणारं विमान लागतं. खरा प्रश्न तिथे आहे.

घरावरून जातात ती विमानं कोणाची?

इंदिरानगर, वडाळा, राजीवनगर या भागात राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. पाहुणे आले की हमखास विचारतात, ‘विमानतळ इतकं जवळ आहे का?’ जवळ आहे ती गांधीनगरची लष्करी धावपट्टी. तिथे लष्कराच्या हवाई दलाचं, म्हणजे आर्मी एव्हिएशनचं, प्रशिक्षण केंद्र आहे. २००३ पासून लष्कराचे वैमानिक इथे तयार होतात. तिथून सर्वसामान्य प्रवाशांना तिकीट मिळत नाही.

प्रवासी विमानं उतरतात ती ओझरला. मुंबई नाका, द्वारका, आडगाव करत दहाव्या मैलापर्यंत जायचं आणि तिथून जानोरीच्या दिशेला वळायचं. शहराला चिकटलेली धावपट्टी लष्कराची आणि प्रवाशांची धावपट्टी शहराबाहेर, अशी नाशिकची रचना आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही, इतिहासातून आली आहे.

ओझरला धावपट्टी आली कशी?

ओझरला जुने नाशिककर आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे एचएएलचा कारखाना इथे आला तो सोव्हिएत बनावटीचं मिग-२१ विमान भारतात तयार करण्यासाठी. पुढे मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० एमकेआय विमानांचं काम इथेच झालं. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही आहे.

लढाऊ विमान कारखान्यातून बाहेर पडलं की त्याची उड्डाण चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी लांब आणि भक्कम धावपट्टी हवी. म्हणून ओझरला सुमारे ३,००० मीटरची धावपट्टी झाली. तुलना करून पाहा. पुण्याची धावपट्टी २,५३५ मीटर आहे, शिर्डीची २,५०० मीटर. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारखी विमानं ओझरला सहज उतरू शकतात.

म्हणजे नाशिकला धावपट्टी मिळाली ती प्रवाशांचा विचार होण्याच्या कितीतरी आधी. कमी होती ती प्रवाशांच्या इमारतीची. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या टर्मिनलचं उद्‌घाटन मार्च २०१४ मध्ये झालं. चकचकीत इमारत उभी राहिली, पण नियमित विमान यायला आणखी तीन वर्षांहून अधिक काळ गेला.

मालक एचएएल असल्याने काय फरक पडतो?

देशातली बरीच विमानतळं भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं. मुंबईसारखी काही खासगी कंपन्यांकडे आहेत. शिर्डी राज्य सरकारच्या विमानतळ विकास कंपनीकडे आहे. ओझर मात्र एचएएलकडे आहे आणि एचएएलचं मूळ काम विमानं बनवण्याचं आहे.

यात दोन गोष्टी येतात. पहिली, धावपट्टी आणि हवाई नियंत्रणाचा वेळ चाचणी उड्डाणांसोबत वाटून घ्यावा लागतो. दुसरी, धावपट्टी एकच असल्याने ती दुरुस्तीला घेतली की सगळंच थांबतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये देखभालीसाठी धावपट्टी बंद ठेवली तेव्हा नाशिकची प्रवासी सेवा काही दिवस पूर्ण बंद होती. घराला जिना एकच असेल तर तो रंगवताना घरातल्या कोणालाच खाली उतरता येत नाही, तसंच हे.

हा ताण पुढे वाढणार आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यातून तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने ओझरहून उड्डाण केलं. तेजसची ही तिसरी उत्पादन साखळी. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानांचं कामही इथे सुरू झालं आहे. विमानं जास्त बनली की चाचण्या जास्त होणार. म्हणूनच दुसऱ्या, समांतर धावपट्टीचा विषय आता गांभीर्याने घेतला जातो आहे.

‘उडान’ने काय दिलं?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर केली. छोट्या शहरांना विमानसेवा परवडावी हा हेतू. तिचं काम असं चालतं:

• विमानातल्या काही जागांचं भाडं ठरावीक मर्यादेत ठेवायचं. सुरुवातीला साधारण तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपये होती.
• त्यामुळे कंपनीला होणारी तूट सरकार भरून काढतं. त्यातला मोठा वाटा केंद्राचा, छोटा राज्याचा.
• हे अनुदान आणि त्या मार्गावरची मक्तेदारी तीन वर्षांसाठी.
• राज्याने विमानाच्या इंधनावरचा कर १ टक्क्यापर्यंत खाली आणायचा. विमानतळाने उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क माफ करायचं.

यातला ‘तीन वर्षे’ हा शब्द लक्षात ठेवा. अनुदान हा विमानसेवेला दिलेला पांगुळगाडा आहे. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर कंपनी विमान दुसरीकडे नेते.

आतापर्यंत कोण आलं, कोण गेलं?

डिसेंबर २०१७ : एअर डेक्कनने ‘उडान’खाली १८-१९ आसनी छोट्या विमानाने नाशिक-मुंबई आणि नाशिक-पुणे सेवा सुरू केली. नियमितपणा टिकला नाही. २०२० मध्ये कंपनीचीच उड्डाणं थांबली.

जून २०१८ : जेट एअरवेजची दिल्ली सेवा सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. नाशिकहून मोठं बोइंग थेट राजधानीला जाऊ लागलं. एप्रिल २०१९ मध्ये जेटची सगळी उड्डाणं थांबली आणि दिल्लीही गेली.

२०१९ : अलायन्स एअर आणि ट्रूजेट आल्या. अहमदाबाद, हैदराबाद, पुणे अशी शहरं जोडली गेली. ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली.

२०२०-२१ : स्पाइसजेटने बंगळूर, हैदराबादसारख्या शहरांसाठी विमानं आणली. स्टार एअरने बेळगाव जोडलं.

१५ मार्च २०२३ : इंडिगो आली. गोवा, नागपूर आणि अहमदाबादपासून सुरुवात झाली. पुढे इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशी शहरं जोडत गेली.

ही यादी वाचताना एक गोष्ट दिसते. एअर डेक्कन, जेट आणि ट्रूजेट या तिन्ही कंपन्या नाशिकला प्रवासी मिळाले नाहीत म्हणून बंद पडल्या नाहीत. त्यांचे आजार वेगळे होते. पण नाशिककरांच्या दृष्टीने निष्कर्ष एकच, आज असलेलं विमान सहा महिन्यांनी असेलच याची खात्री नाही. कारखान्याचा खरेदी व्यवस्थापक असो किंवा पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपनीत काम करणारा तरुण, एकदा-दोनदा सेवा बंद झाली की तो पुन्हा मुंबईचीच सवय लावून घेतो. ती सवय मोडायला नव्या कंपनीला बराच काळ लागतो.

लंडनकडे याची तोड आहे का?

लंडनमध्ये ‘लंडन सिटी’ नावाचं एक विमानतळ आहे. १९८७ मध्ये जुन्या गोदीच्या जागेवर ते सुरू झालं. त्याची धावपट्टी फक्त १,५०८ मीटरची, म्हणजे ओझरच्या जवळपास निम्मी. आजूबाजूला उंच इमारती असल्याने विमानं तिथे नेहमीच्या ३ अंशांऐवजी ५.५ अंशांच्या तीव्र उतारावरून खाली येतात. मोठं विमान तिथे चालत नाही. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत तर विमानतळ बंदच असतं.

एवढी बंधनं असूनही २०१९ मध्ये तिथून सुमारे ५१ लाख प्रवासी गेले. कारण साधं आहे. बँका आणि वित्तीय कंपन्यांची कार्यालयं तिथून काही किलोमीटरवर आहेत. २००५ पासून शहरी रेल्वे थेट टर्मिनलच्या दारात येते. छोटी विमानं दिवसभर ये-जा करतात. सकाळी निघालेला माणूस युरोपातल्या दुसऱ्या शहरात काम उरकून रात्री घरी जेवायला येतो.

नाशिकची स्थिती याच्या बरोबर उलट आहे. धावपट्टी दुप्पट, पण फेऱ्या कमी आणि शहराशी असलेली जोडणी सैल. कामाचं विमानतळ मोठ्या धावपट्टीने होत नाही. वेळ आणि फेऱ्यांनी होतं.

पंचवटी एक्स्प्रेस काय शिकवते?

यासाठी लंडनला जायचीही गरज नाही. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिककरांनी का जपली? ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते, कार्यालयाच्या वेळेला मुंबईत पोहोचवते आणि संध्याकाळी सहानंतर परत घेऊन निघते. तीच गाडी दुपारी बारा वाजता सुटली असती तर पासधारकांनी तिच्याकडे पाहिलंही नसतं.

विमानाचंही तेच. नाशिकहून दुपारी बंगळूरला जाणारं विमान पर्यटकाला चालतं. कामाला जाणाऱ्याचा मात्र जाण्याचा अर्धा दिवस, हॉटेलचा एक मुक्काम आणि येण्याचा अर्धा दिवस जातो. मग तो हिशेब करतो की पहाटे समृद्धीने निघून मुंबईचं सकाळचं विमान पकडलेलं बरं.

मग कंपन्या सकाळचं विमान का देत नाहीत?

इथे थोडं तांत्रिक समजून घ्यावं लागेल. सकाळी साडेसहाला नाशिकहून विमान सुटायचं असेल तर ते आदल्या रात्री नाशिकला मुक्कामी असलं पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी लागतात:

• विमान रात्रभर उभं करायला जागा
• रात्रीची सुरक्षा आणि रात्री उशिरा, पहाटे चालू असलेलं हवाई नियंत्रण
• सकाळी तपासणी करून विमान सोडणारा अभियंता
• वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय

कंपन्यांची विमानं रात्री शक्यतो दिल्ली, बंगळूर, हैदराबादसारख्या मोठ्या तळांवर परततात. तिथे ही सगळी व्यवस्था एकत्र असते. सकाळची पहिली फेरी ते मोठ्या शहरातून करतात. नाशिकसारख्या ठिकाणी विमान पोहोचेपर्यंत दिवस वर आलेला असतो. त्यामुळे ‘सकाळचं विमान द्या’ या मागणीचा खरा अर्थ ‘एक विमान नाशिकला मुक्कामी ठेवा’ असा आहे. एका फेरीच्या मागणीपेक्षा ही मागणी बरीच मोठी आहे.

मोठं विमान बरं की छोटी दोन?

एटीआर-७२ या पंख्यांच्या विमानात ७८ जागा असतात. एअरबस ए-३२० मध्ये साधारण १८०. रोज एक एटीआर गेलं-आलं तर वर्षाला सुमारे ५७ हजार जागा होतात. एअरबसने तेच केलं तर सुमारे १ लाख ३१ हजार.

वरवर पाहता मोठं विमान फायद्याचं वाटतं. पण कामाचा प्रवासी फेऱ्या मोजतो. सकाळ-संध्याकाळ अशा दोन एटीआर फेऱ्यांत १५६ जागा होतात, म्हणजे एका एअरबसपेक्षा थोड्या कमी. तरी त्यांचा उपयोग जास्त, कारण त्याच दिवशी परत येता येतं.

याला अंतराची मर्यादा आहे. एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. गोवा किंवा अहमदाबादला ते उत्तम. बंगळूर हवाई मार्गाने पावणेनऊशे किलोमीटरच्या घरात आणि दिल्ली हजार किलोमीटरच्या. तिथे एअरबसच हवं. म्हणून जवळच्या शहरांना छोटं विमान जास्त वेळा आणि दूरच्या शहरांना मोठं विमान योग्य वेळी, असं मिश्रण नाशिकला लागेल.

मुंबईसाठी विमान का टिकलं नाही?

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकाच धावपट्टीचा उपयोग होतो. तिथे उतरण्याची प्रत्येक वेळ मौल्यवान असते. तीच वेळ १८० प्रवाशांच्या विमानाला द्यायची की नाशिकहून येणाऱ्या १९ जणांच्या विमानाला, हे कंपनीचं गणित सांगायला नको.

शिवाय रस्ता सुधारला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत नाशिकरोडला थांबते. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. ओझरची स्पर्धा आता फक्त मुंबईशी नाही. एका बाजूला नवी मुंबई, दुसऱ्या बाजूला २०१७ पासून चालू असलेलं शिर्डी. नाशिककराच्या तिकिटावर तिघांचा डोळा आहे.

मालवाहतुकीचं काय?

नाशिकचं नाव निघालं की द्राक्षं आणि कांदा आठवतो आणि ‘हा माल विमानाने का जात नाही’ असा प्रश्न येतो. उत्तर किलोच्या हिशेबात आहे. द्राक्षं जड आणि तुलनेने स्वस्त. ती शीतगृहाच्या कंटेनरमधून जहाजाने युरोपात जातात आणि टिकतातही. विमानाचं भाडं त्यांना परवडत नाही.

विमानाने जावं असं सामान वेगळं. औषधं, तातडीचे यंत्रभाग, जानोरी-मोहाडी पट्ट्यातली फुलं. ओझरला एचएएल आणि कंटेनर कॉर्पोरेशनच्या भागीदारीतलं ‘हॅलकॉन’ हे मालवाहतूक केंद्र आहे. इथून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या आहेत. प्रवासी विमानांच्या पोटातही माल जातो. त्यामुळे एअरबसच्या फेऱ्या वाढल्या की अंबड-सातपूरच्या उद्योगांना ही सोयही आपोआप मिळते.

सिंहस्थाने चित्र बदलेल?

जाहीर वेळापत्रकानुसार सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. नाशिकमधली अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी. या तारखा डोळ्यांसमोर ठेवून समांतर धावपट्टी, विमानं उभी करण्याची वाढीव जागा आणि टर्मिनलचा विस्तार यांची आखणी झाली आहे.

सिंहस्थाची गर्दी विमानतळाला निधी मिळवून देते, हे खरं. पण ही गर्दी काही आठवड्यांची. साधू-महंत आणि भाविक परतल्यावर रोज सकाळी विमानात कोण बसणार, हा प्रश्न ऑक्टोबर २०२७ मध्ये पुन्हा उभा राहील. तेव्हा उत्तर द्यावं लागेल ते अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांना, आयटी कंपन्यांना, हॉटेलांना, वायनरींना आणि आपल्यालाही.

सिंहस्थासाठी होणारी कामं रात्रीच्या मुक्कामाच्या सोयीसह झाली, तर ती पुढची वीस वर्षं उपयोगी पडतील. नुसती मोठी प्रतीक्षागृहं बांधली, तर २०१४ नंतर जे झालं तेच पुन्हा होईल. इमारत तयार, विमानाची वाट पाहणं चालू.

इंदिरानगरकरांनी कशाकडे लक्ष ठेवायचं?

१. वेळापत्रक : विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याआधीच्या काही आठवड्यांत नव्या फेऱ्या बुकिंगला येतात. तिकीट पाहताना शहराच्या नावासोबत वेळही पाहा.

२. मुक्कामी विमान : एखादी कंपनी नाशिकला विमान रात्री ठेवू लागली, तर खरा बदल झाला असं समजा.

३. समांतर धावपट्टी : ती झाली की दुरुस्तीमुळे सेवा पूर्ण बंद ठेवण्याची वेळ येणार नाही. कंपन्यांचा विश्वासही वाढेल.

४. शहर ते ओझर प्रवास : अंतर पंचवीस किलोमीटर असलं तरी बोगदा, मुंबई नाका आणि द्वारका पार करण्यातच मोठा वेळ जातो. विमानाच्या वेळांना जोडलेली बस पाथर्डी फाटा, इंदिरानगर, मुंबई नाका या मार्गाने सुटली तर टॅक्सीचा खर्च वाचेल आणि वेळेचीही खात्री राहील.

५. भरलेल्या जागा : कंपन्या कोणत्या मार्गावर किती जागा भरतात हे दर आठवड्याला पाहतात. ७८ पैकी ४७ जागा भरल्या तर प्रमाण ६० टक्के. एवढ्यावर फार काळ कोणी थांबत नाही.

या शेवटच्या मुद्द्यात आपल्या हातात थोडं काही आहे. पुढच्या वेळी मुंबईहून तिकीट काढण्याआधी ओझरहून काय मिळतं ते एकदा शोधा. भाड्यात मुंबईपर्यंतची टॅक्सी, टोल आणि गेलेला अर्धा दिवस धरून तुलना करा. कधी मुंबईच स्वस्त पडेल, कधी ओझर. पण नाशिकहून मागणी किती आहे हे कंपनीला कळतं ते निवेदनांपेक्षा तिकिटांवरून जास्त.